तांब्याच्या पत्र्यावर नसलेला तांबट

आमचे हरसूल त्र्यंबकेश्वर तालुक्यातले. बाहेर नाव सांगितले की लोक संभाजीनगरचे हरसूल समजतात आणि म्हणतात, ‘मग वेरूळ काय, तुमच्या पायाखालचे!’ तसे नाही. पण वेरूळच्या एका पुस्तकाने मला बरीच वर्षे धरून ठेवले आहे, हे खरे.

१८०३ साली लंडनमध्ये थॉमस डॅनियल याने वेरूळच्या लेण्यांची २४ चित्रे प्रसिद्ध केली. ती जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून केली, असे मुखपृष्ठ सांगते. पुण्यात राहून गेलेला हा स्कॉटिश चित्रकार १७९५ मध्येच वारला होता.

ही चित्रे ‘अ‍ॅक्वाटिंट’ पद्धतीची. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून, तापवून चिकटवायची. मग पत्रा आम्लात ठेवायचा. राळेच्या कणांमधल्या फटींतून आम्ल तांबे खाते. जितका वेळ जास्त, तितकी छटा गडद. उजळ हवा तो भाग आधीच रोगणाने झाकायचा. नुसत्या कोरीव कामात सावली रेघारेघांनी दाखवावी लागे. इथे पाणरंगाचा हात फिरवल्यासारखी छटा उतरते. लेण्याच्या पोटातला काळोख कागदावर आणायला याहून सोयीची रीत तेव्हा नव्हती.

पण वेरूळ आधी रेखाटले होते एका पुणेकरानेही. गंगाराम चिंतामण तांबट हा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटच्या पदरी होता आणि वेल्सच्या हाताखालीही काम करी. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने १७९० मध्ये काढला. त्याची रेखाटने आणि त्याचा उल्लेख असलेली वेल्सची रोजनिशी आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. मी ती संगणकावरच पाहिली.

१८०३ च्या मुखपृष्ठावर मात्र गंगाराम नाही. याला चोरी म्हणण्याची घाई मी करणार नाही. त्या काळच्या ब्रिटिश छापील चित्राखाली सहसा दोनच नावे असत: डावीकडे चित्रकार, उजवीकडे पत्रा खोदणारा. ज्याने आधी जागेवर बसून कागद तयार केले, अशा तिसऱ्यासाठी तिथे जागाच नसे. रीत म्हणून झाले तरी नाव पुसले गेले, ते गेलेच.

चित्रे छापली तांब्यावरून आणि त्यावर नाव नाही ते तांबटाचे! वाचकहो, जुने छापील चित्र पाहताना तळाची दोन नावे जरूर वाचा. आणि मग तिसरा कोण होता, एवढे विचारा.