फोनला टेकू

पावसाळ्यात आमच्या हिंगणा तालुक्यात धुऱ्यावर फोन धरून उभी असलेली माणसं दिसली, तर ती हौसेने फोटो काढताहेत असं समजू नका. ई-पीक पाहणी चालू असते. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याने आपल्या शेतात उभं राहून, पिकाचा फोटो काढून, स्वतःच करायची, ही पद्धत राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. हमीभावाने विक्री असो की अतिवृष्टीची मदत, ही नोंद विचारली जाते. आणि फोटो कधी कधी असा येतो, की त्यात सोयाबीन आहे की उडीद, हे पेरणाऱ्यालाही ओळखू येऊ नये.

"काकाजी, फोन तर नवा हाय, मंग फोटो हलते कायले?" असं मला गावात विचारतात. प्रश्न रास्त आहे. कॅमेरा फोटो काढताना थोडा वेळ प्रकाश आत घेतो. रखरखीत उन्हात सेकंदाचा हजारावा हिस्साही त्याला पुरतो. आभाळ भरून आलं, की तोच वेळ लांबतो. तेवढ्यात हात थरथरला, की पानांच्या कडा पुसल्या गेल्याच. शिवाय पडद्यावरचं बटण दाबताना आपण फोनला एक बारीकसा धक्का देतो. निम्मी गडबड त्या अंगठ्याची असते, असं माझं मत आहे.

म्हणून पहिला उपाय अंगठ्याचा. कॅमेऱ्यात तीन सेकंदांचा टायमर असतो, तो लावा. बटण दाबल्याचा हादरा तोवर विरून जातो. बऱ्याच फोनमध्ये आवाज कमी-जास्त करायच्या कळीनेही फोटो निघतो. मग फोन दोन्ही हातांत घट्ट धरता येतो. कोपरं बरगड्यांना टेकवा, पाय थोडे फाकवा, अर्धा श्वास सोडा आणि मग कळ दाबा. बाजूला कडुनिंब असेल तर त्याला खांदा लावून उभे राहा. झूम मात्र करू नका. चित्र दुप्पट मोठं केलं, की थरथरही दुप्पट दिसते. त्यापेक्षा दोन पावलं पुढे जावं.

महागड्या फोनमध्ये हाताची थरथर ओळखून भिंग किंवा सेन्सर उलट दिशेला सरकवणारी यंत्रणा असते. २०१२ साली नोकियाच्या लुमिया ९२० मध्ये ती आली, तेव्हा मोबाईलच्या दुनियेत ती नवलाई होती. दुसऱ्या प्रकारात चित्राच्या कडा कापून उरलेला भाग जागेवर धरला जातो. म्हणून व्हिडिओ घेताना दृश्य जरा जवळ आल्यासारखं वाटतं. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्या हाताची थरथर सावरतात. वाऱ्याने डोलणारी तूर त्यांना थांबवता येत नाही. तिथे झुळूक ओसरायची वाट पाहणं, एवढंच आपल्या हाती.

संध्याकाळी झिल्पी तलावावर गेलात, तर फोनला खरा टेकू हवा. रात्रीच्या मोडमध्ये फोन काही सेकंद एकापाठोपाठ एक चित्रं घेतो आणि त्यांचं एक करतो. तेवढा वेळ हात कोणाचाही स्थिर राहत नाही. एका छोट्या पिशवीत तुरीची डाळ भरा, तोंड शिवून टाका, ती दगडावर ठेवा आणि फोन तिच्यात रोवा. बाजारातल्या तकलादू तिपाईपेक्षा ही पिशवी मला जास्त भरवशाची वाटते.

टेकूची किंमत दादासाहेब फाळक्यांना चांगली ठाऊक होती. १९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर, भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी कुंडीत उगवणाऱ्या रोपाचं चित्रण केलं. कॅमेरा एका जागी पक्का ठेवून ते दिवसेंदिवस एकेक चौकट टिपत गेले, आणि पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसलं. मधे कॅमेरा बोटभर जरी सरकला असता, तरी रोप वाढण्याऐवजी उड्या मारताना दिसलं असतं. ती छोटीशी फिल्म पाहून पैसे देणारा तयार झाला आणि पुढे १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला.

व्हिडिओचं तंत्र थोडं वेगळं. तान्ह्या पोळ्याला पोरांच्या लाकडी बैलांमागे फोन घेऊन पळालात, तर बघणाऱ्याला भोवळ यायची. एका जागी उभे राहा, मिरवणूक समोरून जाऊ द्या. फोन वळवायचाच असेल तर मनगटातून नको, कमरेतून सावकाश वळा. चालावंच लागलं तर गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवत चाला. डोक्यावर हंडा घेतलेली बाई चालते तसं. मोटर लावलेला गिंबल हे काम सोपं करतो, पण घरगुती समारंभासाठी त्याची गरज नाही.

एमआयडीसीत कामाला जाणारी बरीच मुलं मोटारसायकलच्या हँडलला फोन अडकवून रस्ता बघतात किंवा चित्रण करतात. मोठ्या इंजिनाच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली ही सरकणारी यंत्रणा आणि फोकस बिघडू शकतो, असा इशारा ॲपल कंपनीने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये दिला होता. हलक्या स्कूटरला धोका कमी, पण तिथेही कंपनं शोषणारा धारक लावा, असं त्यांनी सुचवलं आहे. रस्ता पाठ असेल तर फोन सरळ खिशात ठेवावा.