अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर

स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या शाळेविषयी आपण पुष्कळ बोलतो. शाळा सुटल्यावर पुढे काय, हे विचारतो कोण? १९६४ साली सिंधूताई जोशींनी पुण्यात कामायनी काढली. तेथे शाळेला उद्योगकेंद्राची जोड मिळाली. मात्र असे काम मुलांना ‘मन रमावे’ म्हणून द्यावे, हे मला मान्य नाही. काम झाले की मजुरी मोजून त्याच्याच हातावर ठेवावी.

दुसरा पेच कायद्याचा. अठरा वर्षे भरताच मूल सज्ञान ठरते. आईबापांचे कायदेशीर पालकत्व संपते. मग बँकेचे खाते असो की शेताचा तुकडा, त्याच्या वतीने सही करावयाची कोणी? ज्या १९९९ साली आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, त्याच सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्याने यावर वाट काढली. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती, अशी समिती अर्ज ऐकते. पालक हवा का, आणि कोणत्या कामापुरता, हे ती आधी पाहते. सरसकट मुखत्यारी नव्हे! नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावयाचा. आमच्या युनियनच्या खजिनदारासारखेच. अर्जात आईबापांना आपल्या पसंतीची व्यक्ती सुचविता येते. ती निवड दोघे धडधाकट असतानाच, त्या मुलालाही विचारून, करावी.