कयाक घेताना : आधी पाणी, मग नौका

उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातील इनुइट लोकांनी कयाक प्रथम घडविली, ती दुकानात मांडून विकण्यासाठी नव्हे. वापरणाऱ्याची वाव, कमरेची रुंदी आणि मुठी यांच्या मापाने तिचा सांगाडा ठरत असे. एकाची कयाक दुसऱ्याला नेमकी बसतच नसे. आता प्लॅस्टिकच्या तयार कयाक सर्वत्र मिळतात. निवडीचे तत्त्व मात्र तेच राहिले आहे. नौका वापरणाऱ्याला आणि त्याच्या पाण्याला साजेशी असावी.

म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नसून पाण्याचा आहे. तलाव, धरणाचा जलाशय किंवा शांत खाडी यांसाठी नऊ ते बारा फूट लांबीची, सुमारे तीस इंच रुंदीची कयाक पुरेशी होते. ती सहज वळते आणि डगमगत नाही. समुद्रात दूर जाण्यासाठी चौदा ते अठरा फुटांची अरुंद कयाक लागते. ती वेगाने आणि सरळ जाते. परंतु नवशिक्याला तिच्यावर तोल सांभाळणे कठीण जाते. कुंडलिकेसारख्या वेगवान प्रवाहासाठी आखूड बांध्याची कयाक वेगळीच असते, आणि तिला रीतसर प्रशिक्षणाची जोड हवी.

दुसरा प्रश्न बैठकीचा. बंद कयाकमध्ये पाय आत राहतात. थंड प्रदेशात ते सोयीचे असते. मात्र ती उलटल्यास आतून बाहेर पडण्याचा सराव आवश्यक असतो, शिवाय आत पाणीही भरते. उघड्या कयाकमध्ये वरच बसायचे असते. पडलेला माणूस तिच्यावर पुन्हा चढू शकतो आणि साचलेले पाणी तळाच्या छिद्रांतून निघून जाते. कोकण-गोव्याच्या उबदार पाण्यात कुटुंबासाठी हीच अधिक योग्य होय.

तिसरी बाब भारक्षमतेची. उत्पादकाने छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. कर्ज देताना जसे मार्जिन राखतात, तसे येथेही राखावे. एकूण भार कमाल क्षमतेच्या सुमारे 70 टक्क्यांच्या आत असावा, असा जाणकारांचा प्रघात आहे. 75 किलो वजनाची व्यक्ती आणि 12 किलो सामान मिळून 87 किलो होतात. त्यासाठी 125 किलो क्षमतेची कयाक घ्यावी.

खर्चाचा हिशेबही पूर्ण मांडावा. वल्हे, लाइफ जॅकेट, गाडीच्या टपावरील कॅरिअर आणि ठेवण्याची जागा हे सारे त्यात येते. प्लॅस्टिकची कयाक वीस-पंचवीस किलोची असते, आणि सततच्या उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते. सदनिकेत राहणाऱ्यांनी हवेने फुगणारी कयाक पाहावी. मात्र तिचे हवेचे कप्पे स्वतंत्र असल्याची खात्री करावी. वर्षातून चार-सहा वेळाच जाणे होणार असेल, तर भांडवल अडकविण्यापेक्षा भाड्याची कयाक शहाणपणाची. खरेदी करणाऱ्यानेही आधी दोन-तीन प्रकार भाड्याने चालवून पाहावेत.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको. अंगाला घट्ट बसणारे लाइफ जॅकेट प्रत्येकाने, पट्टीच्या पोहणाऱ्यानेही, घालावे. मुलांसाठी त्यांच्याच मापाचे असावे. भरती-ओहोटीची वेळ पाहून निघावे आणि पावसाळ्यात समुद्राचा मोह टाळावा. चुकीची कयाक पुन्हा विकता येते. पाण्यावर केलेल्या हयगयीची भरपाई कोणत्याही खातेवहीत होत नाही.