स्टिरिओच्या जागी टॅब

गाडीच्या डॅशबोर्डमधल्या टॅबची तोंडओळख

- खाचा: स्टिरिओच्या खाचेची प्रमाण मापे दोन, सिंगल डिन १८० × ५० मिमी, डबल डिन १८० × १०० मिमी. सात इंची टॅब सहसा त्याहून मोठा. वेगळी फ्रेम लागते.
- वीज: गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, टॅबचे साधे चार्जिंग ५ व्होल्टचे. मध्ये कन्व्हर्टर आणि फ्यूज.
- आवाज: गाडीचे स्पीकर टॅबला थेट पेलत नाहीत, अ‍ॅम्प्लिफायर हवा.
- नकाशा: जुन्नरहून माळशेज किंवा आंबेगावातून भीमाशंकर गाठताना रेंज गेली, तरी जीपीएस उपग्रहांवर चालतो. नकाशा मात्र आधीच डाउनलोड केलेला हवा. फक्त वाय-फाय असलेल्या अनेक टॅबमध्ये जीपीएस नसतो.
- फरक: अँड्रॉइड ऑटो (२०१५) फोनमधली अ‍ॅप गाडीच्या पडद्यावर दाखवतो, टॅब सगळे स्वतःच चालवतो.
- उष्णता: उन्हात बंद गाडीत लिथियम बॅटरी लवकर खराब होते. काढता येणारा टॅब सोयीचा.