डोमकळीतली उत्क्रांती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिंगणघाट, सेलूकडच्या शेतांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुलावर आली की एखादं फूल उमलतच नाही. पाकळ्या पिळवटलेल्या, बारीक धाग्यांनी शिवून टाकलेल्या. ही डोमकळी. ती उकलली की आत गुलाबी बोंडअळी सापडते. अळीला मारणारं विष स्वतःच बनवणारी बीटी कपाशी हा तिच्यासाठी नवा, विषारी मुलूख होता. तिथे ती कशी वसली?

गैरसमज : बीटी खाऊन खाऊन अळीला सवय झाली.
वस्तुस्थिती : सवय कुठल्याच अळीला झाली नाही. बहुतेक मेल्या. ज्या मोजक्यांच्या जनुकांत आधीच बदल होता, त्या जगल्या आणि पुढची पिढी त्यांचीच झाली.

गैरसमज : उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात.
वस्तुस्थिती : बीटी कपाशीला भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांची कपाशी 2006 मध्ये आली. 2010 मध्ये गुजरातेत पहिल्या जनुकाला अळी दाद देत नसल्याचं जाहीर झालं. 2017 च्या हंगामात विदर्भात दोन जनुकांच्या कपाशीचीही बोंडं किडली.

गैरसमज : उत्क्रांती म्हणजे निव्वळ योगायोग, आधी काहीच सांगता येत नाही.
वस्तुस्थिती : पहिल्या जनुकाचं बीटी विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन प्रथिनाला चिकटतं. अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या अळ्यांत आणि भारतातल्या शेतांतल्या अळ्यांत याच प्रथिनाचं जनुक बिघडलेलं आढळलं, बिघाड मात्र वेगवेगळ्या जागी. जनुकाचा अंदाज बांधता येतो, नेमका बदल आधी सांगता येत नाही.

गैरसमज : मग हे व्हायचंच होतं, इलाज नव्हता.
वस्तुस्थिती : हीच अळी अमेरिकेतल्या कपाशीतून हद्दपार झाल्याचं 2018 मध्ये जाहीर झालं. तिथे नॉन-बीटी कपाशीचे पट्टे राखले, पुढे वांझ केलेले पतंग सोडले. नॉन-बीटीवरचे साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले की त्यांची बहुतेक पिल्लं बीटीवर मरतात. हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते, म्हणून तिला असा आसरा आपोआप मिळतो. गुलाबीचं पोट मुख्यतः कपाशीवरच, त्यामुळे तिच्यासाठी हा आसरा आपणच पेरायला हवा होता. बियाण्याच्या पाकिटासोबत तेव्हा मिळणारं 120 ग्रॅम नॉन-बीटी बियाणं मात्र बहुतेक शेतांत पेरलंच गेलं नाही.

उद्या नवं जनुक आलं तरी अळी त्यातून वाट काढेल, हे आजच सांगता येतं. किती लवकर, ते आपण ठरवतो : फरदड (हंगाम संपल्यावरही लांबवलेलं कपाशीचं पीक) न घेता, डिसेंबरअखेर शेत मोकळं करून, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर न रचता.