कामाचे बूट : पारख तळाची, हिशेब महिन्याचा

दिवसाचे दहा-बारा तास उभे राहून रोजी कमावणाऱ्यांची संख्या आपल्या समाजात मोठी आहे. वेल्डर, फिटर, सुतार, गवंडी, गॅरेजवाले, खाटीक, यंत्रमाग कामगार, वखारीतले हमाल आणि दिवसभर गिऱ्हाईक सांभाळणारे दुकानदार हे सर्व त्यात आले. यांपैकी जवळजवळ प्रत्येकाला आपल्या हत्याराची पारख असते. करवतीचे पाते किंवा वेल्डिंगची कांडी घेताना तो दहा प्रश्न विचारतो. पण पायात काय घालायचे हा प्रश्न आला की रबरी चपलेवर भागवतो, नाहीतर वरची चकाकी पाहून बुटांचा जोड उचलतो. मग टाच दुखते, गुडघे धरतात, आणि एखाद्या दिवशी पायावर लोखंड पडले म्हणजे महिनाभराची मजुरी बुडते. कारागिराच्या दृष्टीने बूट हेही एक हत्यारच आहे. ते निवडताना काय पाहावे याची माहिती येथे दिली आहे.

वजनाला कमी लेखू नका

पायातले वजन आणि पाठीवरचे वजन सारखे नसते. पाय दर पावलाला उचलावा, पुढे न्यावा आणि थांबवावा लागतो. १९६९ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की पायात वागवलेल्या एक किलो वजनाला, अंगाच्या एक किलो वजनापेक्षा चालण्याच्या वेगानुसार चार ते सहा पट अधिक शक्ती लागते. आपण साधा हिशेब करू. दिवसाला आठ हजार पावले चालणारा माणूस प्रत्येक पाय चार हजार वेळा उचलतो. त्याचा प्रत्येक बूट गरजेपेक्षा दोनशे ग्रॅम जड असेल, तर दोन्ही पाय मिळून दिवसाला सोळाशे किलो, म्हणजे सोळा क्विंटल जादा वजन उचलले जाते. संध्याकाळचा थकवा कुठून येतो याचे एक उत्तर येथे आहे.

म्हणून दुकानात एकाच मापाचे दोन-तीन जोड मागवावेत आणि काटा असेल तर तोलून पाहावेत. मात्र हलका म्हणजे चांगला असे सरसकट धरू नये. तळ नुसताच फोमचा असला की बूट हलका होतो, पण काही महिन्यांत तो दबतो आणि सपाट होतो. हलकेपणा कशामुळे आला आहे, ते पाहिले पाहिजे.

बुटाचा जीव तळात

बाजारात प्रामुख्याने पाच प्रकारचे तळ मिळतात. ईव्हीए हा फोम सर्वांत हलका आणि मऊ असतो. दुकानात उभे राहणाऱ्यास तो चालतो, पण ठिणगी पडली की वितळतो आणि वजनाखाली बसत जातो. पीव्हीसी स्वस्त आणि पाण्यात टिकणारा, पण जड असतो. टीपीआर स्वस्त आणि लवचिक खरा, पण उन्हाने व उष्णतेने तो नरम पडतो. पॉलियुरेथेन, म्हणजेच पीयू, हलका, आरामदायी आणि तेलाला बऱ्यापैकी तोंड देणारा असतो. आपल्याकडच्या कामाच्या बुटांत तोच जास्त दिसतो. नायट्राइल रबर जड आणि महाग असते, पण तेल, चरबी व उष्णता यांपुढे टिकते. उष्णतारोधक म्हणून प्रमाणित झालेला तळ ३०० अंश सेल्सियस तापलेल्या पृष्ठावर एक मिनिट ठेवून तपासतात.

ज्याला आराम आणि टिकाऊपणा दोन्ही हवे आहेत, त्याने आत पीयूचा हलका थर आणि जमिनीला लागणारा थर रबराचा, असा दुहेरी तळ घ्यावा. किंमत थोडी जास्त पडते, पण दिवसभर फिरणाऱ्याला ती परवडते.

पीयूविषयी एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. हा पदार्थ हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो. बूट वापरला नाही, खोक्यात नुसता पडून राहिला, तरीही ही क्रिया चालूच असते. मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत काही वर्षे पडलेला जोड वरून कोरा दिसतो आणि पायात घातल्यावर चार दिवसांत तळाचा भुगा होतो. म्हणून तळावर किंवा जिभेच्या आतल्या बाजूस छापलेला उत्पादनाचा महिना व वर्ष वाचावे. तळावर घड्याळासारखे लहान वर्तुळ आणि त्यात बाण असतो, तीच ती खूण. दोन-तीन वर्षांपूर्वीचा पीयूचा माल कितीही सूट मिळाली तरी घेऊ नये.

तळ वरच्या भागाला कसा जोडला आहे, हेही पाहावे. साच्यात थेट ओतलेला पीयूचा तळ पाण्याला चांगला अडवतो, पण झिजल्यावर सहसा बदलता येत नाही. शिवणीचा तळ मोची उलगडून नवा लावू शकतो. काही स्वस्त जोडांवर कडेने शिवणीची नुसती नक्षी उठवलेली असते. खरा दोरा आहे की छाप, हे नखाने चाचपून कळते.

चामडे आणि अस्तर

आपल्याकडे कामाच्या बुटांसाठी म्हशीचे दाणेदार छाप असलेले चामडे पुष्कळ वापरले जाते. ते जाड आणि टिकाऊ असते. चामड्याचा वरचा थर काढून घेतल्यावर उरलेल्या खालच्या थरावर प्लास्टिकचा लेप देऊनही बूट बनतात. ते दिसायला गुळगुळीत असतात, पण जिथे पाय वाकतो तिथे लेप तडकतो. बूट हाताने वाकवून पाहावा. खऱ्या चामड्यावर बारीक सुरकुत्या पडतात आणि जातात, लेपावर एकच कडक घडी उमटते.

अस्तराचा प्रश्न आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. कमावलेली कातडी पाक होते हे प्रेषितवचनावरून आपल्याला ठाऊक आहे, पण हनफी आणि शाफई या दोन्ही मसलकांत डुकराची कातडी त्यातून वगळलेली आहे. परदेशी बुटांत आतले अस्तर डुकराच्या कातडीचे असू शकते, कारण ती पातळ असते आणि घाम बाहेर सोडते. तिची खूण अशी की केसांची छिद्रे तीन-तीनच्या पुंजक्यांत दिसतात. लेबलवर कातडीच्या आकाराचे चिन्ह असले तर माल खऱ्या चामड्याचा आहे एवढेच कळते, जनावर कळत नाही. शंका वाटल्यास कापडी किंवा जाळीचे अस्तर असलेला जोड घ्यावा. तो हलका असतो आणि लवकर वाळतोही.

कोणत्या कामाला कोणता बूट

जड वस्तू पडण्याचा धोका असेल तिथे पंजावर टोपी असलेला बूटच हवा. भारतीय मानक आयएस १५२९८ याच्या भाग २ प्रमाणे बनलेल्या सेफ्टी बुटाची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते. सुमारे एक मीटरवरून वीस किलोचे वजन पडले तर होतो तेवढा हा आघात आहे. भाग ३ च्या बुटाला १०० ज्यूलची मर्यादा असते, आणि भाग ४ च्या बुटाला टोपीची अट नसते. पोलादाऐवजी फायबरची टोपी घेतली तर वजन कमी होते व संरक्षण तेवढेच मिळते. टोपीवर एकदा जबर आघात झाला की तो जोड कामातून काढावा, बाहेरून शाबूत दिसला तरीही.

आयएसआयचे चिन्ह नुसते पाहून भागत नाही. त्याच्याजवळ सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तो टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही, हे लगेच कळते.

वेल्डरने जाळीचे किंवा नायलॉनचे बूट घेऊ नयेत आणि नाड्या झाकणारी चामड्याची पट्टी असलेला जोड निवडावा, म्हणजे ठिणगी आत जात नाही. बांधकामावरच्या माणसाला तळातून खिळा न घुसणारा, एस-३ खुणेचा बूट हवा. खाटीक आणि मासळीवाल्यांनी साध्या रबराऐवजी तेल व चरबी सोसणारा, खोल खाचांचा गमबूट घ्यावा, कारण चरबीने साधे रबर फुगते. वायरमनने विजेच्या कामासाठीच प्रमाणित केलेले बूट मागावेत. 'अँटिस्टॅटिक' असे लिहिलेला बूट विजेच्या धक्क्यापासून वाचवत नाही, हा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

वुजू आणि नमाज

दिवसातून चार-पाच वेळा बूट काढावे लागतात, हे आपल्या गिऱ्हाइकाचे वैशिष्ट्य बूट बनवणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. परिणामी घाईत नाडी सैल ठेवली जाते किंवा टाचेची बाजू पायाखाली दाबून बूट चपलेसारखा ओढला जातो. असे केल्याने टाचेतला कडक पुठ्ठा मोडतो, घोट्याचा आधार जातो आणि चांगला जोडही लवकर निकामी होतो. दुकानदारांनी आणि हलके काम करणाऱ्यांनी दोन्ही बाजूंना इलॅस्टिक असलेला बूट घ्यावा. बाजूला चेन असलेला बूटही सोयीचा, पण लोखंडाचा कीस किंवा सिमेंट उडते तिथे चेन अडकते. तिथे हुकाच्या नाड्या बऱ्या. जवळ एक शूहॉर्न ठेवावा.

वुजूनंतर ओल्या पायांनी मोजे घातले की बोटांच्या बेचक्यांत बुरशी होते. लहान फडके जवळ ठेवून बोटांमधली जागा कोरडी करावी. चामडी मोज्यांवर मस्ह करण्याची सवलत मुकीमाला एक दिवस-रात्र व मुसाफिराला तीन दिवस-रात्र आहे. घोटे झाकणाऱ्या बुटावर ती लागू करायची तर कोणत्या अटी आहेत, हे आपल्या मसलकाच्या आलिमांना विचारूनच ठरवावे.

माप घेताना

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी सुमारे एक लाख लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतील लोकांपेक्षा रुंद असतात, असे त्यातून दिसून आले. विलायती कलबुतावर बनलेला बूट चवड्याला का आवळतो, याचे कारण यात सापडते. लांबी वाढवून ही अडचण सुटत नाही, कारण मग टाच घसरू लागते. रुंद पंजाचाच जोड मागावा.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण तोवर पाय किंचित सुजलेले असतात. कामावर घालता तेच मोजे घालून दोन्ही पायांत जोड चढवावा, उभे राहावे आणि चालून पाहावे. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. "वापरून सैल होईल" या शब्दावर भरवसा ठेवू नये. चामडे सैल होते, टोपी होत नाही. मधुमेह असलेल्यांनी अधिक जपावे. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, त्यामुळे लहान खड्याचीही जखम चिघळते. त्यांनी रोज बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा आणि रात्री तळवे पाहावेत.

खरा भाव कोणता?

जोडाची किंमत त्याच्या महिन्यांनी भागावी. समजा, नऊशे रुपयांचा जोड सहा महिने टिकला, तर महिन्याला दीडशे रुपये पडले. चोवीसशे रुपयांचा शिवणीच्या तळाचा जोड दीड वर्ष चालला, सहाशे रुपये देऊन नवा तळ लावला आणि तो आणखी एक वर्ष चालला, तर तीस महिन्यांचे तीन हजार, म्हणजे महिन्याला शंभर रुपये झाले. महाग वाटणारा जोड येथे स्वस्त ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के आणि त्यावरील जोडावर १८ टक्के जीएसटी लागू झाला, हेही भाव ठरवताना पाहावे आणि पक्की पावती घ्यावी.

ज्याला जमेल त्याने दोन जोड आलटून पालटून वापरावेत. एका दिवसाचा घाम वाळायला दुसरा दिवस लागतो. भिजलेले बूट चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नयेत, आत रद्दी कोंबून सावलीत ठेवावेत.

विकणाऱ्याची अमानत

शेवटी आपल्या पादत्राण व्यापाऱ्यांसाठी दोन शब्द. अल्लाहचे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओला भाग वर ठेवायला हवा होता, म्हणजे लोकांना दिसला असता, अशी त्यांनी विक्रेत्याला समज दिली आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही असे बजावले. जुन्या साठ्यातला, ओलाव्याने आतून कुजलेला पीयूचा बूट हाही तसाच ढीग आहे. वरून तो कोरडा दिसतो. त्याची तारीख खरवडून किंवा 'सेल'च्या नावाखाली तो मजुराच्या गळ्यात मारणे म्हणजे त्याच्या पायाशी आणि रोजीशी खेळणे होय. जुना माल आधी काढावा, नवा बेताने भरावा, आणि गिऱ्हाइकाला त्याचे काम विचारून मगच जोड दाखवावा. आज हा बूट तुमच्या कामाचा नाही, असे सांगणारा दुकानदार एक विक्री गमावतो, पण त्याच गिऱ्हाइकाचे सारे कारखानेवाले सोबती पुढे त्याच्याच पायरीवर येतात. हलाल रोजीतली बरकत ती हीच.