फाईल उडाली नाही, फक्त मांडणी बदलली!



१ जून ते ३१ जुलै बंदी. होड्या काठावर, म्हणजे कागदपत्रं नीट लावायचे हेच दिवस. बोटीचा विमा, नोंदणीचा दाखला, डिझेलची बिलं, सगळं आपण आता स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवतो. नवा विमा नेहमी यादीत सगळ्यात वर दिसायचा. एक दिवस फोल्डर उघडला तर वर भलतंच काहीतरी! घाईत वरचीच फाईल पाठवली, तर ती निघते गेल्या सालची आणि अर्ज येतो परत.

असं का होतं?

फोल्डरातल्या फाईली कशा दाखवायच्या, म्हणजे मोठी चित्रं की यादी, नावाप्रमाणे की तारखेप्रमाणे, हे कॉम्प्युटर प्रत्येक फोल्डरसाठी वेगळं लक्षात ठेवतो. पण ते लिहून कुठे ठेवतो, यात खरी गोम आहे.

विंडोजचं काम कारकुनासारखं. खोक्यावर काही लिहायचं नाही, सगळं आपल्या वहीत. ही वही म्हणजे रजिस्ट्री, आणि ती प्रत्येक युजरची वेगळी. म्हणून तोच फोल्डर मुलाच्या लॉगिनमध्ये वेगळा दिसतो. पेनड्राइव्हवर कॉपी करून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेलात, तर फाईली जातात, मांडणी मागेच राहते. वहीला पानंही मोजकीच. एक्सपीमध्ये साधारण ४०० फोल्डरांची नोंद राहायची, व्हिस्टापासून ५००० ची. वही भरली की जुन्या नोंदी जातात आणि तो फोल्डर परत मूळ मांडणीत उघडतो.

ॲपलच्या मॅकची रीत उलटी. तो खोक्यातच चिठ्ठी टाकतो. टिंबाने सुरू होणारी 'डीएस स्टोअर' नावाची लपलेली फाईल फोल्डरातच असते. मॅकवरून आलेल्या पेनड्राइव्हवर ती विंडोजमध्ये दिसली तर घाबरू नका, तो व्हायरस नव्हे. काढून टाकलीत तरी फक्त मांडणी जाईल, कागद नाही.

मग करायचं काय?

१. फाईल दिसली नाही तर आधी 'सॉर्ट बाय' बघा. 'डेट मॉडिफाईड' निवडा, नवीन वर येईल असं ठेवा. नाहीतर नावाने शोधा. सापडली नाही म्हणून लगेच परत स्कॅन करू नका, एकाच कागदाच्या दोन-दोन प्रती होतात आणि गोंधळ वाढतो.

२. एका फोल्डराची मांडणी सगळीकडे हवी, तर तो फोल्डर उघडा, 'ऑप्शन्स'मध्ये 'व्ह्यू' टॅबवर जा आणि 'अप्लाय टू फोल्डर्स' दाबा. त्याच प्रकारच्या सगळ्या फोल्डरांना ती लागू होते. मूळ मांडणी परत हवी असेल तर बाजूलाच 'रिसेट फोल्डर्स' आहे.

३. सगळ्यात पक्का उपाय: तारीख फाईलच्या नावातच घाला. आधी साल, मग महिना, मग दिवस: '२०२५-०८-०१ विमा'. दिवस आधी लिहिलात तर १ जानेवारी आणि १ ऑगस्ट शेजारी-शेजारी बसतात, साल कुठलंही असो. साल आधी असेल तर नावाप्रमाणे लावलं की कुठल्याही कॉम्प्युटरवर क्रम बरोबरच येतो.

मांडणी कॉम्प्युटरच्या वहीत राहते, नाव मात्र फाईलबरोबर जातं. म्हणून भरवसा नावावर ठेवा, आणि पाठवण्याआधी फाईल एकदा उघडून साल बघा.

घरात कागदपत्रं जो कोणी सांभाळतो, त्याला हे नक्की वाचायला द्या.